थोडंसं सिमेंट

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव विचाराल तर त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागेल, कारण लग्नापासून ती 'अहो'वरच भागवत आली आहे. धंद्याने तो गवंडी. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. ह्या गृहस्थाला त्याचीही गरज लागत नसे, असं तो स्वतःच सांगत असे. एक डोळा मिटायचा, मान जरा कलती करायची आणि समोर जे असेल त्याचा निकाल लावायचा. शेजाऱ्याकडे सांत्वनाला गेला असतानाही, रडणाऱ्या माणसाच्या डोक्यामागची फळी डावीकडे उतरलीय, हे त्याने सांगून टाकलं होतं. शेजाऱ्याने त्यानंतर रडणं आवरतं घेतलं.

त्याचा विश्वास दोनच गोष्टींवर: स्वतःच्या उघड्या डोळ्यावर आणि सिमेंटवर. "सिमेंट आज ओलं, उद्या दगड," तो म्हणायचा. "माणसाचं उलट. आज दगडासारखा शब्द देतो आणि उद्या पातळ होतो." कंत्राटदार त्याला सिमेंट जरा हात राखून घाल म्हणत आणि हा भांडून जास्त घाली. गवंडी सिमेंट कमी घालून बदनाम होतात. जास्त घालून पाप करणारा बहुधा हा पहिलाच, आणि ती हकीकत त्याच्या भाचीपासून सुरू होते.

भाची म्हणजे त्याच्या बहिणीची एकुलती एक पोर. लहानपणी शाळेला सुटी लागली की ती मामाच्या मागे कामावर जायची, वाळूच्या ढिगावर बसायची आणि 'का?' विचारायची. वीट भिजवायची का? भिंतीला पाणी मारायचं का? मामाला कारणं ठाऊक नसायची. पण मामा तो मामाच, त्यामुळे तो काहीतरी ठोकून द्यायचा. विटेला तहान लागते. भिंतीला ताप येतो. पोरगी ते खरं धरून चालली, मोठी झाली, शिकली, आणि भिंतीला ताप का येतो ह्यावरच संशोधन करू लागली. म्हणजे मूळ दोष मामाचाच म्हणायचा.

तिचं काम काय होतं ते समजायला सोपं आहे, जरी ती स्वतः ते कधीच सोपं करून सांगत नसे. शहराच्या कडेला नवी वस्ती व्हायची होती. तिथे प्रत्येकाला चालत जाता येईल अशा अंतरावर छोटे छोटे दवाखाने असावेत, असं नगररचनेच्या साहेबांनी ठरवलं होतं. ते कशाचे बांधायचे हे मात्र ठरलं नव्हतं. भाची म्हणाली, मातीचे. मातीची भिंत हवेतला जास्तीचा ओलावा पिते आणि हवा कोरडी पडली की परत देते, तेव्हा दम्याच्या माणसाला अशा खोलीत शांत झोप लागेल, असा तिचा अंदाज होता. पण संशोधनात अंदाजाला कुत्रंही विचारत नाही. म्हणून इस्पितळाच्या मागच्या आवारात दोन खोल्या बांधायच्या ठरल्या, एक मातीची आणि एक सिमेंटची. दार तसंच, खिडकी तशीच, पलंगही तसाच. छातीच्या डॉक्टरांचे रोगी आळीपाळीने दोन्ही खोल्यांत झोपणार, यंत्रं हवेतला ओलावा आणि रोग्यांचा श्वास मोजणार, आणि जी खोली जिंकेल तसे दवाखाने होणार.

आता मातीची भिंत बांधायला गवंडी कुठून आणायचा? भाचीने मामाचं नाव सुचवलं. इथे तिचं शिक्षण कमी पडलं.

"माती?" ओळंबा म्हणाला. "अगं, माणसाची माती व्हायची ती शेवटी. इस्पितळात आधीपासूनच कशाला?"

"मामा, जगात कितीतरी लोक मातीच्या घरात राहतात."

"राहतात ना. आणि सिमेंट परवडलं की बाहेर पडतात."

"तू अडाण्यासारखं बोलतोयस. बांधणार आहेस की नाही तेवढं सांग."

"बांधतो. माझं काय जातंय? पडली की तुझं नाव सांगीन."

भाचीचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. पहिले दोन थर त्याने अगदी सांगितल्याबरहुकूम घातले. माती, वाळू, पेंढा आणि पाणी एकत्र करून पायाने तुडवायचं, गोळे करायचे, ते एकावर एक थापत जायचं. काम आटोपल्यावर त्याने सहज भिंतीत अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. आजवर त्याच्या कुठल्याही भिंतीत अंगठा गेला नव्हता. तो घरी आला, ताटावर बसला, आणि समोरचा भात न कालवता नुसता बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे ती भिंत हळूहळू खाली बसत होती. खाली दम्याचा रोगी होता. बाजूला भाची उभी होती आणि मोठमोठी माणसं तिला विचारत होती, हा गवंडी तुमचा कोण?

पोरीची नाचक्की होईल, एवढंच त्याच्या मनात घोळत राहिलं. त्यात त्याची स्वतःचीही नाचक्की होतीच म्हणा. पण अशा वेळी आपण फक्त दुसऱ्याचीच काळजी करतोय, असं माणूस स्वतःला पटवून देतो.

शेजारीच दुसऱ्या खोलीचं काम चालू होतं आणि तिथे सिमेंटची पोती रचलेली होती. ओळंब्याने मजुरांना चहाला पाठवलं. पुढच्या थरापासून मातीची भिंत चांगली धरू लागली. भाची रोज यायची, भिंतीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "मामा, बघ किती सुंदर दिसतेय माती." आणि मामा म्हणायचा, "हो गं, माती ती मातीच." रंग थोडा करडा वाटतो म्हणाली एकदा, तर त्याने मातीच अशी आहे म्हणून ठोकून दिलं.

खोल्या तयार झाल्या. रोगी आले, झोपले, घोरले, खोकले, गेले. यंत्रं बिचारी इमानाने मोजत राहिली. ऋतू बदलले, रोगीही बदलले, आणि शेवटी निकाल लागला: दोन्ही खोल्यांत काडीचा फरक नाही.

ओळंब्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. माती हरली, हे त्याने चहाच्या दुकानात सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, वीजबिलाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. अहो, पण बरोबरी झाली ना, असं कुणी म्हटलं तर तो म्हणे, सिमेंटशी बरोबरी म्हणजे हारच. कुणी विचारेल, आपण मातीत काय मिसळलंय ते ह्याला आठवत नव्हतं का? आठवत होतं की. पण डोक्यातल्या एका खणात सिमेंट होतं आणि दुसऱ्या खणात निकाल होता, आणि दोन्ही खण एकदम उघडायची सवय त्याला नव्हती. पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही नसते.

मग एका संध्याकाळी भाची घरी आली. मामी स्वयंपाकघरात चहा टाकत होती, ओळंबा पाटावर बसून शेंगा सोलत होता. भाची उंबऱ्यातच थांबली.

"मामा, तुझी माफी मागायला आलेय."

ओळंब्याने एक दाणा तोंडात टाकला.

"तू म्हणत होतास तेच खरं निघालं. मी तुला उगाच अडाणी म्हटलं. उद्या समितीपुढे सांगून टाकणार आहे की मातीचा काही उपयोग नाही. दवाखाने सिमेंटचेच होतील. आणि हे काम सोडीन म्हणतेय. इतकी वर्षं चुकीच्या गोष्टीमागे घालवली, आता निदान फरश्या तरी विकते कुठल्यातरी दुकानात." एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

ओळंब्याच्या डोक्यातले दोन्ही खण तेव्हा एकदम उघडले. शेंगेचा दाणा भलत्याच वाटेने गेला आणि त्याला असा ठसका लागला की मामीने चहा सोडून त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. त्यातला दुसरा गरजेपेक्षा मोठा होता. मग तिने वाकून नवऱ्याचं तोंड निरखलं.

"अहो. इकडे बघा. काय करून ठेवलंत?"

"मी कुठं काय केलंय?"

"हे 'मी कुठं काय' जेव्हा जेव्हा ऐकलंय तेव्हा घरात काहीतरी फुटलेलं असतं. बोला."

ओळंबा शेंगांच्या टरफलांकडे बघत म्हणाला, "थोडंसं घातलं होतं."

"काय?"

"सिमेंट."

"कशात?" हे भाचीने विचारलं, अगदी हळू.

"मातीत."

"थोडंसं म्हणजे किती?"

"चवीपुरतं."

"भिंत काय भाजी आहे?" मामी कडाडली. "नीट सांगा!"

"मूठभर."

"मामा."

"घमेलंभर."

"किती वेळा?"

"दर थराला," ओळंबा म्हणाला, आणि मग जरा आशेने, "पहिले दोन सोडून हां. ते अगदी शुद्ध आहेत. त्यांना मी बोटसुद्धा लावलेलं नाही."

भाची भिंतीला टेकली. म्हणजे रोगी सिमेंटच्या खोलीतून उठून सिमेंटच्याच खोलीत झोपायला जात होते, आणि ती बसून त्यांचे श्वास मोजत होती. माती हरली नव्हती. माती बिचारी मैदानात उतरलीच नव्हती.

"का?" तिने विचारलं.

वाळूच्या ढिगावरून यायचा तोच प्रश्न. तेव्हा तो पटकन काहीतरी ठोकून द्यायचा. आता ठोकायला काही सापडेना. "पडेल म्हणून," तो म्हणाला. "तुझी नाचक्की होईल म्हणून."

"मग आता काय होणार आहे?" भाची म्हणाली, आणि चपला घालून निघून गेली. तिच्यासाठी ओतलेला चहा मामीने मोरीत ओतला, पण नवऱ्याला दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तू येऊ नकोस असा निरोप होता, म्हणून तो गेला. समितीच्या खोलीत तिघं बसली होती. प्रमुखबाई, ज्यांच्या हातात भाचीची नोकरी होती. छातीचे डॉक्टर, जे दुसऱ्याच्या श्वासाविषयी इतकं बोलत की स्वतः श्वास घ्यायला विसरत. आणि नगररचनेचे साहेब, ज्यांनी टेबलावर वस्तीचा भला मोठा नकाशा पसरला होता, त्यामुळे चहाचे कप ठेवायला जागा नव्हती आणि एक कप सरळ नियोजित तलावात ठेवला होता. ओळंबा दाराशी उभा राहिला. सवयीने एक डोळा मिटला, आणि आज त्याचं त्यालाच बरं वाटेना, म्हणून उघडला.

भाचीने काहीही लपवलं नाही.

"म्हणजे माझे रोगी सिमेंट विरुद्ध सिमेंट झोपले?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"घातलं कुणी?" प्रमुखबाई म्हणाल्या.

"मिस्त्रींनी," भाची म्हणाली.

'मामाने' असं म्हणाली नाही. ओळंब्याला वाटलं, थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

नगररचनेचे साहेब नकाशाकडे बघत हताशपणे म्हणाले, "मी आता ह्या चौकोनांत काय भरू?" प्रमुखबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "खोली पाडा आणि पुन्हा बांधा. एवढी एक संधी देते. ह्या खेपेला काही निघालं, तर खोलीबरोबर तुमचीही जागा रिकामी होईल. आणि एक, हा गवंडी नको."

ओळंबा निघायला वळला. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि सुटल्यासारखं वाटतंय ह्याची लाजही वाटत होती.

"हाच हवा," भाची म्हणाली.

"काय म्हणता?"

"दुसरा आणला तर तोही घालणारच, मॅडम. मातीवर कुठल्याच गवंड्याचा विश्वास नाही. हा निदान सांगतो तरी."

ओळंब्याला आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. ते ऐकून तोंड कुठे लपवावं हे त्याला कळेना.

पाडकाम त्यालाच करावं लागलं, आणि भिंत काही पडेना. इतकी वाईट भिंत इतकी चांगली बांधलेली कुणी पाहिली नसेल. घण घातला की तो ठणकन परत यायचा. इस्पितळाच्या खिडक्यांत रोगी जमले. सलाइन लावलेला एक म्हातारा दर घावाला "हाण!" म्हणायचा. ओळंबा घामाने निथळत स्वतःला शिव्या घालत होता आणि अधूनमधून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटत होता, कारण स्वभावाला औषध नाही. सगळं आडवं झाल्यावर भाची येऊन ढिगाऱ्यापाशी उभी राहिली.

"छान बांधली होती तुम्ही, मिस्त्री," ती म्हणाली.

तुम्ही! तिने शिवी दिली असती तरी परवडलं असतं.

मग नवी भिंत सुरू झाली. ह्या वेळी भाची प्रत्येक कालवणातून एक गोळा उचलायची, विरघळतो का बघायला पाण्याच्या बरणीत टाकायची, दुसरा वाळवायची, चिरडायची, बोटांत चोळून बघायची. "मिस्त्री, हे बाजूला ठेवा. मिस्त्री, हे लावा." दोघांत एवढंच बोलणं. मामी घरून डबा द्यायची त्यात भाचीचाही वाटा असायचा. ती घ्यायची, थँक्यू म्हणायची आणि लांब जाऊन खायची. ओळंबा सकाळी कामावर आला की आधी भिंत उभी आहे का ते बघायचा आणि उभी दिसली तरी त्याचा विश्वास बसायचा नाही. काल पडली नाही म्हणून आज पडणार नाही असं थोडंच आहे? अंगठा मात्र त्याने पुन्हा दाबला नाही. उगाच जिवाला घोर कशाला.

शेवटचा थर आला. छपराच्या तुळया ह्याच थरावर बसायच्या होत्या. म्हणजे सगळं ओझं इथेच. गोळे तयार होते, ऊन चढत होतं आणि भाचीचा पत्ता नव्हता. त्याने फोन लावला.

"कालवण तयार आहे. तपासायला येतेस ना?"

"नाही. आज रोग्यांकडे बसायचंय. तुम्ही लावा."

"अगं, न तपासता?"

"लावा म्हटलं ना, मिस्त्री." फोन बंद झाला.

ओळंब्याने मजुरांना चहाला पाठवलं. ते कोपऱ्यावरून वळले, आणि आपण त्यांना का पाठवलं हे त्याच्या लक्षात आलं.

आवारात गाड्या लावायच्या जागेचं काम निघालं होतं. पोती भिंतीला टेकून उभी होती, एकाचं तोंड उघडंच होतं. तो तिथपर्यंत गेला. हात कोपरापर्यंत आत घातला. काय मऊ, काय गार लागतं ते सिमेंट! सगळं आयुष्य ह्याच्यावर काढलं. एक ओंजळ टाकली तर कुणाला कळणार होतं? तुळया नीट बसतील, छप्पर नीट राहील, पोरीची नोकरी राहील. पोरीची नोकरी राहील, असं त्याला वाटलं खरं, आणि मागच्या खेपेलाही नेमकं हेच वाटलं होतं. तो तसाच वाकून उभा राहिला. त्याला कुणाचातरी फार राग येत होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं.

त्याने हात बाहेर काढला. नळावर जाऊन घासून घासून धुतला. ओल्या हातानेच पुन्हा फोन लावला.

"आता काय?" भाची म्हणाली.

"सांगून ठेवतो. पोत्यापर्यंत गेलो होतो. हात घातला होता. परत आलो. हात धुतलाय."

पलीकडे कुणीतरी रोगी खोकत होता.

"घातलं नाहीत ना?"

"नाही. पण घालावंसं वाटलं. आत्तासुद्धा वाटतंय. छप्पर ह्याच्यावर बसायचंय गं, आणि नुसती माती आहे ही. मला फार भीती वाटतेय."

फोन बंद केला की काय म्हणून त्याने तो कानापासून लांब धरून बघितला.

"मामा," भाची म्हणाली. "मलाही वाटतेय रे. पहिल्या दिवसापासून वाटतेय. तुझ्यासमोर कशी दाखवू? पडली तर दोघं मिळून उचलू. लाव तू आता."

ओळंबा नुसता हूं म्हणाला, फोन खिशात ठेवला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कालवणात उतरला. मजूर चहा पिऊन आले तेव्हा मिस्त्री एकटाच माती तुडवत होता आणि रडत होता. त्यांना वाटलं, काहीतरी पडलं.